घड्याळवाले बिराजदार

गेल्या वर्षी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चाकणजवळच्या एका टेकडीवरून माकडांची एक टोळी पकडण्याचं काम वन विभागानं हाती घेतलं. टोळीत चौतीस माकडं होती. पहिल्या दोन दिवसांत तेहेतीस पिंजऱ्यात आली. चौतिसावं आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी निघणार होती. चौतिसाव्याशिवाय ती निघू नये, असं म्हणणारा टेकडीवर एकच माणूस होता. मन्मथ बिराजदार, वय एकाहत्तर, राहणार पिंपळे गुरव, एका वाहन कारखान्यातून निवृत्त. टोळी हलवायला त्यांचा लेखी विरोध होता. ती पकडायला मदतही तेच करत होते. मार्चमध्ये ते वारले.

बिराजदारांची आणि माझी ओळख एका दुरुस्तीमुळे झाली. आमच्या वर्तमानपत्राच्या पानावर ‘वानरांचा उच्छाद, कामगार हैराण’ अशी तीन कॉलमी बातमी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चिंचवडच्या कचेरीत एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. पांढरा अर्धा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्यांनी अंक टेबलावर ठेवला आणि फोटोवर बोट ठेवलं.

“हे माकड हाय. बातमीत वानर लिहिलंय.”

मी म्हणालो, “दोन्ही एकच की, काका.”

“तुमचं तोंड काळं हाय का?”

“नाही.”

“मग तुम्ही वानर न्हाई. वानराचं तोंड काळं असतंय, शेपूट लांब, पाला खातंय. ह्याचं तोंड बगा, लालसर. डोक्यावर भांग पाडल्यासारखी केसांची टोपी. ही दोन येगळी हायती. दुरुस्ती छापायलाव का, का लेखी देऊ?”

त्यांनी लेखी दिलं. अक्षर छापल्यासारखं होतं आणि मजकूर चार ओळींचा. आम्ही दोन ओळी छापल्या. त्यांनी पुन्हा येऊन उरलेल्या दोन का गाळल्या ते विचारलं.

ते मूळचे उदगीरकडचे. तरुणपणी पिंपरीत आले, कारखान्यात लागले आणि निवृत्तीपर्यंत ‘टाइम स्टडी’ विभागात राहिले. या विभागाचं काम सांगायला सोपं, करायला अवघड. कामगारामागे उभं राहायचं आणि एक काम करायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. हातात एक लाकडी पाटी, पाटीच्या कोपऱ्यात बसवलेलं घड्याळ. ते मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग दाखवायचं. बिराजदार कारखान्याच्या शॉपमध्ये शिरले की कामगारांच्या हातातले पाने हळू फिरू लागत, असं त्यांचेच जुने सहकारी सांगत. जास्त वेळ लागतो असं दिसलं, तर टार्गेट कमी लागणार. कामगारांनी त्यांना ‘घड्याळवाले’ हे नाव दिलं ते प्रेमानं नव्हे. पुढे ते नाव राहिलं आणि त्यातला राग गेला.

निवृत्तीनंतर दोन-तीन महिन्यांनी एका नातेवाइकाच्या मुलाला कंपनीत सोडायला ते चाकणला गेले. मुलगा आत मुलाखतीला. हे बाहेर कुंपणाशी. समोर टेकडी, टेकडीवर देऊळ, देवळाच्या पायऱ्यांवर माकडं. सवयीनं त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एक मादी शेंगदाण्याचं टरफल किती वेळात सोलते ते मोजलं. मग दुसरी. “दोघींच्या टायमात फरक होता,” ते सांगत. “म्हणलं, बगावं का.”

पुढची अकरा वर्षं ते आठवड्यातले चार दिवस टेकडीवर होते. पिंपळे गुरवहून बस, नाशिक फाट्यावर बदल, चाकणला उतरून शेअर रिक्षा, मग चाल. कंपनीतून निघताना मागून घेतलेली जुनी पाटी आणि तेच घड्याळ. पद्धतही तीच. एक माकड निवडायचं, ठरलेला वेळ त्याच्याकडेच पाहायचं, दर दोन मिनिटांनी ते काय करतंय ते एका अक्षरात लिहायचं. माकडांवर संशोधन करणारे लोक जगभर जवळपास हेच करतात, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “त्यांचं घड्याळ शंभराचं असतंय का साठाचं?”

माकडांना त्यांनी नावं दिली नाहीत. कारखान्यातल्यासारखे टोकन नंबर दिले. मेलेल्या माकडाचा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही, हा नियम. नर मोठे झाले की टोळी सोडून जात. त्यांच्या नावापुढे ते ‘बदली’ लिहीत. माद्या कुठेच जात नसत. देवळाचे पुजारी बबनअप्पा यांना हे पटायला वेळ लागला.

“म्हंजी पोरी म्हायेरालाच ऱ्हात्यात?”

“हाव. पोरगेच नांदायला जातेत.”

“आन सासुरवास?”

“तो पोराला. नव्या टोळीत गेला की पयल्यांदा मार खायचा.”

बबनअप्पांनी ही गोष्ट गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितली. टेकडीखालच्या वस्तीत बिराजदारांना मान मिळाला तो या एका माहितीमुळे, असं अप्पांचं म्हणणं होतं.

काही गोष्टी त्यांच्या पक्क्या होत्या. टेकडीवर काही खायचं नाही. डबा खाली रिक्षा थांब्यावर ठेवलेला असे, एक वाजता खाली उतरून तिथंच जेवत. माकडाला कधी काही द्यायचं नाही, हाक मारायची नाही, हाकलायचंही नाही. “खांब व्हायचं,” ते म्हणत. “खांबाला कुणी भीत न्हाई, खांबाकडं कुणी मागत न्हाई.” कुणी बरोबर आलं आणि “बहुतेक ती त्याची आई असावी” असं म्हणालं, की ते पाटीवरून मान वर न करता म्हणत, “बहुतेक म्हंजे तुम्ही बगितलं न्हाई.”

त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. घरी गेलं की चहाबरोबर तक्रार ठरलेली. “दूध किती मिंटात उतू जातंय ते ह्यांनी लिहून ठिवलंय. पण उतू जाताना गॅस बंद करायला ह्यांचा हात म्हणून येत न्हाई. बगत बसतेत. अन् आपला काही नंबर हाय का घरात, ते एकदा विचारा त्यांना.” बिराजदार हसत नसत. चहाचा घोट घेऊन म्हणत, “नंबर बदली होणाऱ्याला लागतो.”

त्यांनी केलेली सगळ्यात मोठी चूक त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली. शाळांमधून, सोसायट्यांमधून व्याख्यानाला बोलावलं की सुरुवात त्या चुकीपासून व्हायची.

सुरुवातीच्या दीड वर्षांच्या वह्यांमध्ये त्यांनी दोन रकाने केले होते. एक ‘काम’, दुसरा ‘रिकामं’. खाणं, शोधणं, चालणं, पिलाला पाजणं, भांडणं हे काम. बसणं, झोपणं हे रिकामं. एकमेकांच्या अंगावरचे केस बाजूला करत उवा, कचरा वेचणं हेही त्यांनी ‘रिकामं’मध्ये टाकलं. विद्यापीठात माकडांवर काम करणारी मृणाल नावाची मुलगी एकदा टेकडीवर आली. तिनं वही चाळली आणि थांबली.

“काका, उवा काढणं कुठे लिहिलंय?”

“रिकाम्यात.”

“रिकाम्यात?”

“मग? तास-तास एकमेकींच्या डोक्यात हात घालून बसायल्यात. कंपनीत असत्या तर मेमो दिला असता.”

मृणाल म्हणाली, “काका, तेच तर त्यांचं काम आहे. कोण कुणाच्या उवा काढते, त्यावर उद्या भांडणात कोण कुणाच्या बाजूनं उभी राहणार ते ठरतं. पिलू कुणाच्या भरवशावर सोडायचं तेही.”

त्यांनी वाद घातला नाही आणि मान्यही केलं नाही. पुढचे तीन आठवडे फक्त एवढंच लिहिलं: कुणी कुणाच्या उवा काढल्या, आणि भांडण झालं तेव्हा कोण मधे पडलं. तीन आठवड्यांनी मृणालला फोन करून म्हणाले, “तुमचं बरोबर हाय.” मग लाल पेन काढलं आणि दीड वर्षाच्या वह्यांच्या प्रत्येक पानावर तिरकी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं. कारखान्यात नापास भागावर लाल खूण करतात तसं. मृणालनं सांगून पाहिलं की बाकीची माहिती उपयोगाची आहे. ते म्हणाले, “त्यातून उवा आता येगळ्या काढता येत न्हाईत. मी लिहिल्याच न्हाईत.”

एवढ्यावर ते थांबले नाहीत. नोकरीत असताना त्यांनी एका लाइनचा अभ्यास केला होता. गिअरबॉक्सच्या जुळणीवर समोरासमोर दोन कामगार होते, एक आकुर्डीचे खंडू काळभोर, दुसरा त्यांचा दोस्त गेनू. दोघं काम करता करता सारखे बोलत. बिराजदारांनी ते बोलणं ‘रिकामं’ धरलं आणि दोघांना वेगळं करावं अशी शिफारस केली. गेनूला दुसऱ्या शॉपमध्ये पाठवलं गेलं. वह्या रद्द केल्या त्याच आठवड्यात ते आकुर्डीला काळभोरांच्या दारात गेले. मी बरोबर होतो, कारण घर मला माहीत होतं.

काळभोर ओट्यावर बसले होते. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

“आरं, घड्याळवालं! या या. आता काय मोजायला आला?”

“काळभोर, तुमच्या लाइनची स्टडी माझी चुकली होती.”

“कंची?”

बिराजदारांनी वर्ष, महिना, मशीन सगळं सांगितलं. “तुमचं अन् गेनूचं बोलणं मी रिकाम्यात धरलं. ते काम होतं.”

काळभोर मोठ्यांदा हसले. “पस्तीस वर्सं झाली, राव! आता काय, टाइम वाढवून देता व्हय?” आत कुणाला तरी चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाले, “गेनू गेला दोन वर्सांमागं. त्याला सांगायचं व्हतं. त्यो रिटायर व्हईस्तवर म्हनायचा, त्या घड्याळवाल्यानं आपली जोडी फोडली.”

चहा झाला.

शहराच्या प्राणिसंग्रहालयात तेव्हा माकडांचा एक नर आणि दोन माद्या होत्या. बरीच वर्षं पिलू झालं नव्हतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, तिघंही निरोगी निघाली. मृणालच्या ओळखीनं बिराजदारांना आत बसायची परवानगी मिळाली. दोन महिने ते पिंजऱ्यासमोर एका घडीच्या खुर्चीवर बसले. सुटीच्या दिवशी लोक माकडांऐवजी त्यांचेच फोटो काढत.

त्यांचा अहवाल एका पानाचा होता. पिंजरा चौकोनी, सगळीकडून सगळं दिसतं. थोरली मादी वरचढ आहे, धाकटी नराजवळ गेली की थोरली तिला हुसकते. टेकडीवर धाकट्या माद्या अशा वेळी खडकामागे, झाडामागे जातात. इथे मागे जायला जागाच नाही. लोकांची गर्दी झाली की नर पुढच्या जाळीशी येऊन दात दाखवत बसतो, बाकी काही करत नाही. उपाय: आडोसे. पत्र्याचे तीन, माणसाच्या उंचीचे, आणि पुढच्या जाळीपासून थोडं अंतर.

फाइल चार टेबलं फिरून मंजूर झाली. पत्रे भोसरीच्या सलीमभाईंच्या वर्कशॉपमध्ये बनले. सलीमभाई बिराजदारांना कारखान्यापासून ओळखत. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नकाशा पाहिला.

“म्हणजे बंदरांना बेडरूम करून देताय, साब.”

“आडोसा म्हणतेत त्याला.”

“तेच तेच. आमच्या पोराची शादी झाली. दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. आधी आमच्या घराची स्टडी करा ना. पत्रा माझ्याकडं आहे.”

बिराजदारांनी गंभीरपणे विचारलं, “खोली किती बाय किती?”

पुढच्या हंगामात धाकट्या मादीला पिलू झालं. बातमी घ्यायला मी गेलो, तेव्हा प्राणिसंग्रहालयातले सगळे आनंदात होते. बिराजदार म्हणाले, “एका पिलावरून काही सिद्ध होत न्हाई. दुसरं होऊ द्या. मग छापा.” दुसरं दोन वर्षांनी झालं. तोवर ती बातमी राहिली नव्हती. त्यांनी मात्र फोन करून कळवलं आणि कधी छापणार ते विचारलं.

टेकडीच्या दोन बाजूंना तोवर शेड उभ्या राहिल्या होत्या. तिसऱ्या बाजूनं गोदाम आलं. एका कंपनीच्या कॅन्टीनमागे उरलेलं अन्न उघड्या पिंपात टाकत. माकडं शिफ्ट सुटायच्या वेळेला तिथं येऊ लागली. जिन्यावर माकड अंगावर आलं म्हणून एक कामगार बाई पडल्या, त्यांचा हात मोडला. आणखी एक-दोघांना चावे बसले. बिराजदारांनी हे सगळं वहीत लिहिलं, चावणाऱ्याचा टोकन नंबरही. “आमची माकडं चावत न्हाईत, असं मी म्हणणार न्हाई. चावली.” त्यांनी कंपनीला सुचवलं की पिंपांना झाकणं लावा आणि शिफ्ट सुटायच्या आधी ती हलवा. कंपनीनं लावली. काही महिने माकडं येईनाशी झाली. मग कॅन्टीनचा कंत्राटदार बदलला, झाकणं गेली, माकडं परत आली. पुढे टोळी पकडून दूरच्या जंगलात सोडायचा आदेश निघाला. बिराजदारांनी वन विभागाला आपला विरोध लेखी कळवला.

प्राणिप्रेमी संघटनांनीही आदेशाला विरोध केला आणि बिराजदारांच्या वह्या मागितल्या. त्यांनी प्रती दिल्या. वन विभागानंही मागितल्या. त्यांनाही दिल्या. संघटनेचा एक तरुण त्यांच्या घरी येऊन म्हणाला, “काका, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?”

“दोघांनाबी तेच आकडे दिले.”

“म्हणजे तुम्ही एजंट आहात.”

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “एजंट म्हणायलास, तर कमिशन तरी आणून दे बाबा. अकरा वर्सं बसभाडं आम्हीच भरायलोत.”

विरोध टिकला नाही. तारीख ठरू लागली तेव्हा बिराजदार वनक्षेत्रपालांना भेटले. त्यांचं म्हणणं तीन वाक्यांचं होतं. फेब्रुवारीपासून माद्या विणार, त्यामुळे पकडायचंच तर जानेवारी संपायच्या आत पकडा. आई आणि पिलू एकाच पिंजऱ्यात ठेवा. आणि नेलीत तर सगळी न्या, एकही मागे नको. शेवटच्या मुद्द्याचं कारण साहेबांनी विचारलं.

“नर एकटा राहू शकतो, साहेब. दुसरी टोळी शोधतो. मादी कुठंच जात न्हाई, तिला दुसरी टोळी घेत न्हाई. मागं राह्यली तर मरेस्तवर एकटी.”

“सगळी कोणती, ते आम्हाला कळणार कसं?”

“मी सांगतो.”

म्हणून ते पकडणाऱ्यांबरोबर होते. पकडणाऱ्या पथकाचा मुख्य मोहन सोलापूरकडचा होता. बिराजदारांनी तिथली बोली ओळखली आणि दोघांचं जमलं. मोठा पिंजरा सलीमभाईंनीच बनवला होता, खोलीएवढा, दोरी ओढली की दार खाली पडणारा. पहिल्या दिवशी एकवीस, दुसऱ्या दिवशी बारा. प्रत्येक माकड आत आलं की बिराजदार नंबर सांगत, मोहनचा माणूस पिंजऱ्यावर खडूनं लिही. एकदा पिलू एका पिंजऱ्यात आणि आई दुसऱ्यात गेली. बिराजदारांनी काम थांबवलं. अदलाबदल झाल्यावरच पुढचं सुरू झालं.

उरली ती एकोणीस नंबरची मादी. डावा कान फाटका, सात वर्षांची, गाभण. तिच्या जन्माच्या दिवशी बिराजदार टेकडीवर होते. माणसाच्या हातून तिनं कधी काही घेतलं नव्हतं. पिंजऱ्यातल्या केळ्यांकडे ती दोन दिवसांत फिरकली नाही. देवळाच्या मागच्या कड्यावरून खाली पिंजऱ्यांकडे पाहून ती ओरडत होती, आणि पिंजऱ्यातून चार नंबरची म्हातारी, तिची आई, उत्तर देत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मोहन म्हणाला, “काका, तेहेतीस झाल्यात. गाडी काढू द्या. एकटीपायी सगळी उपाशी ठिवता का?”

“तेहेतीस म्हंजे टोळी न्हवं.”

“ती काय येत न्हाय बगा. आपल्याला बगूनच पळायलीय.”

“तुम्हाला बगून.” बिराजदारांनी पायऱ्यांकडे बोट केलं. मग म्हणाले, “सगळे खाली जा. पायऱ्यांच्या खाली. अन् दोरी माझ्याकडं द्या.”

वनक्षेत्रपालांनी नऊची वेळ दिली होती. सगळे खाली गेले. बबनअप्पा, मोहन आणि मी पाण्याच्या टाकीमागे थांबलो, तिथून पिंजरा दिसत होता. बिराजदारांनी मोहनकडून मूठभर शेंगदाणे मागून घेतले होते. अकरा वर्षांत त्या टेकडीवर त्यांच्या हातात खाण्याची वस्तू पहिल्यांदाच होती. पिंजऱ्याच्या आतल्या टोकाला, जाळीलगत, त्यांनी दाणे टाकले आणि त्याच टोकाला बाहेरच्या बाजूनं ते खाली बसले. पाटी मांडीवर, दोरी हातात.

बबनअप्पा कुजबुजले, “त्यांच्याजवळ येती ती. रोज येती. चार हातांवर बसती.”

एकोणीस कड्यावरून उतरली. पायऱ्यांकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. मग नेहमीच्या चालीनं बिराजदारांच्या दिशेनं आली आणि त्यांच्यापासून चार हातांवर बसली. बराच वेळ दोघंही हलले नाहीत. ती उठली, पिंजऱ्याला वळसा घालून उघड्या दारापाशी गेली, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. ते होते तसेच होते. ती आत शिरली, जाळीतून त्यांच्या अगदी जवळ आली आणि पहिला दाणा उचलला.

त्यांनी दोरी ओढली. आठ वाजून सतरा मिनिटं झाली होती. ही वेळ माझ्या घड्याळातली आहे. त्यांनी त्यांचं घड्याळ दाबलं नव्हतं.

ती किंचाळून जाळीवर आपटली, त्यांच्याच बाजूच्या. ते उठले नाहीत. आम्ही धावत वर गेलो तेव्हा ते मोहनला म्हणाले, “चार नंबरचा पिंजरा हिच्याशेजारी आणा. आधी ते करा.” पिंजरा आणला. दोघी जाळीला लागून बसल्या. ओरडणं हळूहळू थांबलं.

बबनअप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “बसा हितं. च्या आनतो.”

“न्हाई अप्पा,” ते म्हणाले. “नऊची गाडी हाय.”

सह्याद्रीतल्या त्या वनक्षेत्रात आम्ही दुपारी पोचलो. ट्रक पुढे, वन विभागाची जीप मागे. पिंजरे एका ओढ्याकाठी उतरवले. बिराजदार जीपमधून उतरले नाहीत. काचा वर करून घेतल्या आणि उपरणं डोक्यावरून तोंडावर असं गुंडाळलं की फक्त डोळे दिसत होते. तिथल्या वनरक्षकाला वाटलं, त्यांना गाडी लागली.

“ओकारी येतीय का काका? लिंबू आणू?”

“न्हाई. मला त्यांनी बगायला नको. बगितलं की जवळ येतेत.”

दारं उघडली. माकडं एकामागून एक बाहेर पडली आणि ओढ्यापलीकडच्या झाडांवर चढली. वनरक्षकानं मोजली. काच दोन बोटं खाली झाली.

“किती?”

“चौतीस.”

“डाव्या कानाची फाटकी कुठं बसली?”

वनरक्षकानं हाताचा आडोसा करून वर पाहिलं. “ती ना? एका म्हातारीजवळ हाय.”

काच वर झाली. जीप वळली. मागच्या सीटवर ते तसेच बसले होते, उपरणं गुंडाळलेलं, नजर समोर. मंचरच्या पुढे आल्यावर त्यांनी ते सोडलं. त्या जंगलात ते पुन्हा गेले नाहीत. टेकडीवरही गेले नाहीत.

मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी, पिंपळे गुरवच्या घरी, हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांचं निधन झालं. अंत्यविधीला आकुर्डीहून खंडू काळभोर आले होते, भोसरीहून सलीमभाई, टेकडीवरून बबनअप्पा.

मे महिन्यात वनरक्षकानं बिराजदारांच्या नंबरावर फोन केला. तो काकूंनी घेतला. ते गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. ते सांगून झाल्यावर काकूंनी विचारलं, “एकोणिसाचं काय झालं?” नंबर त्याला कळत नव्हते. कानाची खूण सांगितल्यावर कळलं. त्याच संध्याकाळी मी त्याच्याशी बोलून माहिती पक्की केली.

टोळी ओढ्याच्या वरच्या अंगाला एकत्र होती. मोजणी एकोणचाळीस. पाच पिलं नवीन. त्यांपैकी एक डावा कान फाटलेल्या मादीच्या छातीशी होतं. जूनमध्ये ओढ्याला पाणी आलं आणि पलीकडे जायची वाट बंद झाली. त्यानंतर मोजणी झालेली नाही.